बेटाच्या कडेकडेने

ठाण्याच्या माणसाला ‘तुम्ही बेटावर राहता’ असं सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग मोबाइलवर नकाशा उघडतो. साष्टी हे बेट आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे समुद्राकडे निघालेली आपली उल्हास नदीच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच का थांबली, याचं उत्तर शाळेत कोणी दिलं नाही. ते सोपं आहे: पुढे पाणी होतं. खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचायला १८५४ साल उजाडलं. आम्ही डोंबिवलीकर रोज सकाळी कळवा ओलांडून बेटावर कामाला जातो आणि रात्री बेटावरून मुख्य भूमीवर झोपायला येतो. मधल्या पुलावर गाडी असते तेव्हा बहुतेकांचं डोकं फोनमध्ये असतं. माझंही असायचं.

बेटाला किनारा असतो आणि त्या किनाऱ्याने जाता येतं, ही जाणीव मला ग्रीसमध्ये झाली. मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असते. तिच्या हट्टापायी आम्ही मिलोस बेटावर गेलो. लूव्हरमधली ती हात नसलेली व्हीनस १८२० साली सापडली ते हे बेट. तिथे समुद्रात कयाक चालवायची एक दिवसाची सहल असते. कयाक म्हणजे चिंचोळी लांब होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आणि कमरेपर्यंतचं शरीर आत. साठीजवळ आलेल्या माणसाला आमच्या गाइडने सगळ्यात आधी उलटं व्हायला शिकवलं. होडी पालथी झाली की घाबरायचं नाही, होडीचं तोंड झाकणारं पुढचं कापड ओढायचं, बाहेर यायचं. बायको किनाऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती, तिने हे पाहिलं आणि पुस्तकात परत डोकं घातलं.

ही गाइड तिशीतली, उन्हाने रापलेली मुलगी. आदल्या रात्री तिला विचारलं, उद्या कुठून निघायचं? ती म्हणाली, सकाळी सांगेन. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. त्यामुळे कुठल्या किनाऱ्याला जायचं ते वारा ठरवतो. त्या सकाळी वारा उत्तरेचा होता, म्हणून दक्षिण बाजू. पांढऱ्या ज्वालामुखी खडकांच्या कपारीतून, क्लेफ्टिकोच्या गुहांच्या दिशेने, जिथे पूर्वी चाचे दबा धरून बसत असं सांगतात. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाशी सोबत चालते. पण मला गुहांपेक्षा त्या मुलीच्या डोळ्यांचं जास्त आश्चर्य वाटलं. लांबवर पाण्याचा एखादा पट्टा जरा काळसर झाला की ती आम्हाला खडकाच्या आडोशाला बोलवायची आणि थोड्याच वेळात झोत यायचा. तिच्याकडे ओढायची दोरी, जादा वल्हं, औषधाची पेटी, वॉकीटॉकी होती, पण आम्ही पैसे मोजले होते ते त्या डोळ्यांचे.

जेवणाच्या वेळी, टोमॅटो आणि चीज खाता खाता, मी तिला विचारलं की भरती किती वाजता आहे. तिला प्रश्नच कळला नाही. मग तिने खडकावरची एक ओली रेघ दाखवली. वीतभर. एवढंच चढतं आणि एवढंच उतरतं, म्हणाली. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे तिथे भरती-ओहोटी नावापुरती असते. अपवाद एव्रिपोसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीचा. तिथला प्रवाह दिवसातून कित्येक वेळा दिशा बदलतो. त्याचं कारण न उलगडल्याने ॲरिस्टॉटलने तिथे जीव दिला अशी एक दंतकथा आहे. तो त्याच गावी, खाल्किसला, वारला एवढं मात्र खरं.

आता आपल्याकडे या. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की बातम्यांत ती आधी सांगतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. माझ्या आजोळी भरतीची वेळ काढायला घड्याळ लागायचं नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं: अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला अजून थोडा उशीर होतो, तो त्यात मिळवायचा. म्हणजे मिलोसच्या गाइडला जे वारा सांगतो ते आपल्या खाडीत पंचांग सांगतं. ग्रीसमधली ती हुशार मुलगी उद्या कळव्याच्या पुलाखाली आणून सोडली तर पहिल्याच ओहोटीला ती गाळात बसेल.

हे मी गमतीने म्हणत नाही, ग्रीकांचं तसं झालेलं आहे. इसवीसनपूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरची जहाजं सिंधूच्या मुखाशी आली तेव्हा ओहोटीने ती चिखलात आडवी पडली आणि सैनिक हादरले. पाणी निघून जातं, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी कोणा निनावी ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ लिहिलं, लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती. त्यात भडोचजवळच्या भरतीचं वर्णन आहे आणि त्याला लागूनच एक गोष्ट आहे जी मला त्या अख्ख्या पुस्तकात सगळ्यात मोलाची वाटते. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी उभे असत, परदेशी जहाजांना सामोरे जात आणि भरतीच्या हिशेबाने त्यांना आत ओढून नेत. पाणी चढायला लागलं की निघायचं, उतरायला लागलं की ठरलेल्या डोहात नांगर टाकायचा. त्याच पुस्तकात आपलं कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येतं: आधीच्या राजवटीत खुलं असलेलं, मग राज्य बदलल्यावर अडवलेलं बंदर. तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जात. याच कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख साष्टी बेटाच्या पोटात, कान्हेरीच्या लेण्यांत आजही दगडावर आहेत. तर गाइड घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जाणं ही ग्रीसची देणगी वगैरे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर ग्रीक हे गिऱ्हाईक होते आणि गाइड आपले होते.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, याच खाडीवर जहाजं बांधायला सुरुवात झाली आणि दुर्गाडी किल्ला उभा राहिला, हे सगळ्यांना पाठ आहे. आता दुर्गाडीजवळ नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही वेगवान नौकाही आणून ठेवली आहे. मुलं तिच्यासमोर फोटो काढतात. जहाज जमिनीवर आणि माणसं पाण्याकडे पाठ करून, असं ते दृश्य आहे.

परत आल्यावर मी माझ्या बेटाची कडा शोधायला लागलो. कयाक नव्हती, पण ऐरोलीला वनखात्याची होडी आहे. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा भाग २०१५ साली रोहित म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला होडी सुटते, आणि तिची वेळ रोज वेगळी असते. इथे मला मिलोस आठवलं, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. पक्षी उघड्या पडलेल्या गाळात चरतात, होडीला मात्र पाणी लागतं, म्हणून दोघांना सोयीचा जो मधला काळ असतो तेवढाच आपला. डोकं खाली घालून, चोच उलटी धरून शेवाळ गाळणारे ते हजारो पक्षी, मागे भांडुपची तिवरं आणि त्यांच्याही मागे टॉवर. हे शेवाळ आपल्याच सांडपाण्यावर पोसतं असं अभ्यासक सांगतात. डोंबिवलीकराला तसाही गुलाबी रंगाचा धक्का बसत नाही. २०२० मध्ये आमच्या एमआयडीसीत रसायनांनी रस्ताच गुलाबी झाला होता आणि मुख्यमंत्री तो बघायला आले होते.

पाण्याच्या घाणीची गोष्ट टाळता येणार नाही. कयाकमध्ये माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर बसतो, वल्ह्याचं पाणी कोपरावरून आत येतं. उल्हासनगर-कल्याणमधून रंग बदलत येणारी वालधुनी नदी जिथे खाडीला मिळते तिथे मी कुणालाही होडीत बसा म्हणणार नाही. पण सगळी खाडी सारखी नाही. गायमुखपासून घोडबंदरकडे बघा: येऊरचा डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेला, पलीकडे भिवंडीच्या बाजूची गावं, पात्र रुंद, समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येऊन जातं. ग्रीसमध्ये हीच जागा असती तर तिथे चार कंपन्या आणि एक कॅफे असता. आपल्याकडे घोडबंदर रोडवर गाड्या तासनतास उभ्या असतात आणि काचेपलीकडे तो किनारा रिकामा.

ठाणे पूर्वेला, स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर चेंदणी कोळीवाडा आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या काकांशी ओळख झाली. बरीच वर्षं खाडीत जाळी टाकली, आता घरातलं कोणी जात नाही. मासळीही उरली नाही, निवटी आणि चिंबोऱ्या मिळाल्या तर मिळाल्या. मी त्यांना मिलोसचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी गुहा बघितल्या नाहीत, होडीचा तळ बघितला. मग म्हणाले, हलकी आहे, पाणी कमी असलं तरी चालेल, पण भांगालाच काढायची. उधाणाला नाही. उधाणाला पाणी पुलाखालून असं ओढतं की तुमचं ते दोन तोंडांचं वल्हं काही कामाचं नाही. ग्रीसमध्ये चुकलात तर पोहून खडकावर जाल, असं त्यांनी समजावलं. इथे चुकलात तर पुढची भरती येईपर्यंत गाळात बसून राहाल, उतरलात तर मांडीपर्यंत जाल. तिवरांच्या मुळांवर पाण्याची खूण कुठे आहे, नांगरलेल्या होडीचं तोंड कुठल्या बाजूला वळलंय, यावरून पाणी किती राहिलं ते त्यांना कळतं. मी विचारलं, मुलाला येतं का? ते म्हणाले, त्याला ॲप येतं.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा ५३ क्रमांकाचा. तेव्हापासून जेट्ट्यांचे आराखडे आहेत, कोलशेत आहे, डोंबिवली आहे, अधूनमधून पाहणी होते. वसई-भाईंदर रो-रो २०२४ मध्ये सुरू झाली, तेवढं एक डोळ्यांनी दिसलं. आमच्या मोठागावला माणकोलीचा पूल झाला आणि खाडी ओलांडायला मिनिटं लागतात, उत्तम झालं. खाडीकाठी फिरायला वाटा आणि बाकंही होतील. पण या सगळ्यात पाण्याला हात लावेल अशी एक पायरी कुठे दिसत नाही. कठडा दिसतो. भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा पाण्यापर्यंत पोचणारा उतार बांधायला फार खर्च येत नाही. तो सुचण्यासाठी बांधणाऱ्याने एकदा तरी होडीत बसायला हवं.

आपल्याकडे हे जमतच नाही असंही नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्यांच्याच हातात, माहितीही त्याच सांगतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या उडून जात नाही. घरच्या बायका, घरची खाडी. ठाण्यात किंवा कल्याणात याला काय आड येतं, असं मी काकांना विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. होडीला परवाना मेरिटाइम बोर्डाचा. तिवरं कांदळवन कक्षाची. काठ पालिकेचा. जलमार्ग दिल्लीचा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, त्या ग्रीसच्या पोरीला कोणाकोणाला विचारावं लागलं, हे तुम्ही तिला विचारलंत का? नव्हतं विचारलं. विचारून सांगा, म्हणाले, तसा अर्ज लिहितो. आणि यायचंच असेल तर पावसाळा सरू द्या, आश्विनातली किंवा त्यापुढची एखादी अष्टमी धरा, सकाळची भरती सहाच्या सुमाराला असते, चहा पिऊनच निघू.