बाळंतपणानंतर ‘असं होतंच’?

खोकला आला, शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला की लघवी निसटते, असे सांगणाऱ्या बाईला घरात आणि बरेचदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळते: बाळंतपणानंतर असं होतंच. हे उत्तर अर्धेच खरे आहे. हा त्रास पुष्कळ जणींना होतो, पण पुष्कळांना होतो म्हणून तो सोसलाच पाहिजे असे काही नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून पेलणारे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेले असतात. गरोदरपणाच्या ओझ्याने आणि प्रसूतीच्या ताणाने ते सैलावतात, कधी फाटतातही. तरी हातापायांच्या स्नायूंप्रमाणे तेही आपल्या इच्छेने आवळता आणि सोडता येतात, म्हणून सरावाला दाद देतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी हवी, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तोच न्याय या स्नायूंना लावायला मात्र आपण कचरतो, आणि या उपचाराबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच उगवतात.

पहिला गैरसमज असा की, हा फार तर जुजबी उपाय आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी हे स्नायू आवळण्या-सोडण्याच्या व्यायामांवरचा आपला शोधनिबंध 1948 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर अशा व्यायामांच्या अनेक चाचण्या झाल्या. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 14 देशांतल्या 31 चाचण्या आणि 1,817 स्त्रिया होत्या. खोकताना, शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात शंभरातल्या 56 जणींनी ‘बरे झाले’ असे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात सहा होते. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्थाही अशा त्रासात किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम हाच पहिला उपचार मानते. ‘सिझेरियन झाले, म्हणजे हा प्रश्नच नाही’ हाही समज टिकत नाही. नॉर्वेतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघवीवर ताबा न राहण्याचे प्रमाण मूल न झालेल्यांत सुमारे 10 टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत 16 टक्के आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत 21 टक्के आढळले. शस्त्रक्रियेने धोका कमी होतो, पण नऊ महिन्यांचा भार या स्नायूंना चुकत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे: हा उपचार म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहून करायचा केगेल व्यायाम. 1991 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात 47 स्त्रियांना हे स्नायू कसे आवळायचे ते थोडक्यात तोंडी सांगून मग तपासले. निम्म्याच जणींना ते नीट जमले, आणि सुमारे पाव जणी अशा रीतीने जोर लावत होत्या की त्रास वाढावा. शिवाय प्रत्येकाचे स्नायू सैलच असतात असेही नाही. संबंधाच्या वेळी वेदना, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, शौचाला कुंथावे लागणे यामागे कधी कधी सतत आवळून राहिलेले स्नायू असतात. अशा व्यक्तीला आणखी आवळायला सांगणे म्हणजे दुखणे वाढवणे. तिने आधी सैल सोडायला शिकायला हवे. ‘आपल्याकडे योगातले मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आहेतच की’ असा आक्षेप इथे हमखास येतो. त्या क्रियांत हेच स्नायू वापरले जातात आणि ती ओळख उपयोगी पडते, हे खरे. पण कोणी आवळायचे आणि कोणी सोडायचे हे तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि ते ठरवणे हेच फिजिओथेरपिस्टचे पहिले काम आहे. पुरुषांनाही हे स्नायू असतात आणि बद्धकोष्ठ किंवा ओटीपोटातल्या जुनाट दुखण्यात त्यांचीही तपासणी लागू शकते.

या उपचाराला मर्यादा आहेत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांना प्रत्येकी स्वतंत्रपणे दिलेल्या प्रशिक्षणाचा नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा झाला नाही, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसले. स्त्रियांच्या व्यायामाला स्नायू किती आवळले ते दाखवणाऱ्या बायोफीडबॅक यंत्राची जोड दिल्याने निकाल सुधारला नाही, असे 2020 च्या दुसऱ्या चाचणीने सांगितले. तेव्हा महागडे उपकरण विकणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. अंग बाहेर येण्याच्या त्रासात व्यायामाने लक्षणे कमी होतात. पण अंग बरेच खाली आले असेल तर आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. लाजेचा प्रश्नही खरा आहे. मात्र आतून तपासणी रुग्णाच्या संमतीनेच होते, तिला नकार देता येतो, आणि माहिती विचारून, श्वास पाहून, बाहेरून निरीक्षण करूनही बरेच समजते.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप: असे तज्ज्ञ शहरांत मिळतील, गावात कुठून आणायचे? राणी आणि अभय बंग यांच्या 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतील अभ्यासात 650 पैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. तो अभ्यास या स्नायूंविषयीचा नव्हता; पण बाई बोलत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असे समजण्यातली चूक त्याने उघडी पाडली. आशा सेविका नवजात बाळासाठी 42 व्या दिवसापर्यंत घरी येतच असते. त्या शेवटच्या भेटीत तिने आईलाही दोन प्रश्न विचारावेत: लघवी किंवा शौच निसटते का, आणि खाली काही उतरल्यासारखे वाटते का? उत्तर ‘हो’ आले तर जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाकडे पाठवायची चिठ्ठी मिळावी आणि तिथल्या एका तरी फिजिओथेरपिस्टला या कामाचे प्रशिक्षण असावे. यासाठी यंत्रे किंवा नव्या इमारती लागत नाहीत. बाळाचे वजन नोंदवणाऱ्या व्यवस्थेने आईचीही विचारपूस करायची, एवढेच.