विमान सुरक्षेचा पहारेकरी आणि पहारेकऱ्यावरचा पहारा
विश्लेषण / सातारा-सांगली

बारामती येथे २८ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या विमान अपघातात राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला आणि देशातील हवाई सुरक्षेचा प्रश्न प्रथमच पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांत चर्चिला गेला. फलटणपासून जेमतेम तीस किलोमीटरवर घडलेल्या या घटनेनंतर चर्चा प्रामुख्याने वैमानिक, धुके आणि विमान यांभोवती फिरत राहिली. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र मागे पडला. विमाने, वैमानिक आणि विमानतळ यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयावर (डीजीसीए) देखरेख कोणाची, ती कशा स्वरूपाची आणि किती असावी, हा तो प्रश्न होय.

अपघाताचे कारण निश्चित करणे हे विमान अपघात अन्वेषण विभागाचे (एएआयबी) काम आहे. त्याबाबत तर्क लढवणे उचित नाही. परंतु काही बाबी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या निवेदनातूनच स्पष्ट झाल्या. बारामतीच्या विमानतळावर नियमित हवाई वाहतूक नियंत्रण नव्हते. येणाऱ्या विमानांना माहिती देण्याचे काम तेथील वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे कर्मचारी करीत. विमान उतरण्याच्या वेळी दृश्यमानता सुमारे तीन हजार मीटर होती. अपघातानंतर लगेच हवाई दलाचे पथक तेथे दाखल झाले व त्याने नियंत्रण आणि हवामानविषयक सेवेची व्यवस्था केली. अपघातानंतर जी व्यवस्था तातडीने उभी राहू शकते, ती अपघातापूर्वी का उभी राहत नाही, असा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पूर्वसूचना मिळाल्या होत्या

बारामती तालुक्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली होती. त्यानंतर महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. त्याच्या आदल्याच महिन्यात, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात एक लिअरजेट-४५ विमान धावपट्टीवरून घसरले. बारामतीतील दुर्घटनाग्रस्त विमान त्याच बनावटीचे आणि त्याच कंपनीचे होते. या घटनांचा एकमेकींशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र छोटे विमानतळ, प्रशिक्षण संस्था आणि भाड्याने विमाने देणाऱ्या कंपन्या या तिन्ही ठिकाणी नियामकाचे लक्ष पुरेसे पोचते का, अशी शंका घेण्यास त्या निश्चितच पुरेशा आहेत.

लक्ष पोचण्यासाठी माणसे लागतात. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान कोसळून विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा बळी गेला. त्यानंतर संसदेच्या वाहतूक, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये सादर केलेल्या अहवालात महासंचालनालयाच्या मनुष्यबळाचे चित्र मांडले. मंजूर पदे १०६३, भरलेली ५५३. म्हणजे जवळजवळ निम्मी पदे रिक्त. विमान कंपन्यांचा विस्तार झपाट्याने होत असताना त्यांची तपासणी करणारे कार्यालय अर्ध्या बळावर चालत होते. नियामकाला पूर्ण प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता द्यावी, अशी शिफारस समितीने केली.

कायद्यात स्थान, पण स्वातंत्र्य नाही

महासंचालनालय कित्येक दशके केवळ मंत्रालयाशी संलग्न कार्यालय म्हणून काम करीत होते. २०२० च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. पुढे १९३४ चा विमान कायदा रद्द होऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला, त्यातही हे स्थान कायम राहिले. परंतु त्याच कायद्याने सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास महासंचालनालयाला निर्देश देण्याचा आणि त्याच्या आदेशांचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. महासंचालकांची नियुक्तीही सरकारच करते आणि या पदावर बहुधा भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी येतात.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. विमानतळांचे शुल्क ठरविण्यासाठी २००८ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. वीजदर ठरविणारा राज्य वीज नियामक आयोगही २००३ च्या विद्युत कायद्याखाली चालतो. त्याच्या सदस्यांना ठराविक मुदत असते, त्यांना सहजासहजी दूर करता येत नाही आणि दरवाढीच्या प्रस्तावावर ग्राहकांना जाहीर सुनावणीत हरकत घेता येते. विजेच्या युनिटचा दर आणि विमानतळाचे शुल्क यांच्यासाठी जी व्यवस्था योग्य मानली गेली, ती प्रवाशांच्या जिवासाठी मात्र आवश्यक मानली गेलेली नाही. नागरी विमान वाहतूक प्राधिकरण स्थापन करण्याचे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपुष्टात आले.

त्याच सुमारास, जानेवारी २०१४ मध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताच्या सुरक्षा देखरेखीचा दर्जा खाली आणला. प्रशिक्षित तांत्रिक अधिकाऱ्यांचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होते. एप्रिल २०१५ मध्ये दर्जा पूर्ववत झाला. बाहेरून दबाव आला की पदे भरायची आणि दबाव ओसरला की विसरायचे, ही सवय मात्र सुटली नसल्याचे दहा वर्षांनंतरच्या संसदीय अहवालातून दिसते.

डिसेंबरचा धडा

नियामकाच्या दुबळेपणाची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये लाखो प्रवाशांनी मोजली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा घालणारे नियम टप्प्याटप्प्याने १ नोव्हेंबरपर्यंत लागू झाले होते. देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोने पुरेशी तयारी केली नव्हती. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. परिणामी माघार घ्यावी लागली ती नियमाला. १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत कंपनीला सूट देण्यात आली. जानेवारीत कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. त्यातील मोठा भाग दररोज ३० लाख याप्रमाणे ६८ दिवसांचा होता.

प्रवाशांचे हाल थांबविणे हे सरकारचे कर्तव्यच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु थकव्याविरुद्धचा नियम हा सुरक्षेचा नियम आहे. कंपनी पुरेशी मोठी असेल तर तो स्थगित होऊ शकतो, हा संदेश त्यातून गेला. नियामकाची खरी परीक्षा दंड आकारण्यात नसते. संकट येण्यापूर्वी कंपनीची तयारी तपासण्यात असते.

कराड, कवलापूर आणि हेलिपॅड

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. येथील प्रवासी पुणे किंवा कोल्हापूर गाठतात. तरीही हा विषय दूरचा नाही. कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५५ च्या सुमारास कराड येथे धावपट्टी झाली. तिची लांबी सुमारे १२८० मीटर. तिच्या विस्ताराचा प्रश्न भूसंपादनाला शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधामुळे वर्षानुवर्षे रखडला. सांगलीजवळील कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागी विमानतळ व्हावा, ही मागणी प्रत्येक निवडणुकीत पुढे येते. या चर्चेत धावपट्टीची लांबी, जमिनीचा मोबदला आणि उद्योगांची गरज हे मुद्दे असतात. हवाई नियंत्रण कोण करणार, हवामानाची नोंद कोण घेणार, अग्निशमनाची व्यवस्था कोणती, हे क्वचितच विचारले जाते. बारामतीनंतर हे प्रश्न प्रथम विचारले गेले पाहिजेत.

निवडणुकीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर तात्पुरती हेलिपॅड तयार होतात. निलंगा येथे मे २०१७ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर कोसळले. महाड येथे मे २०२४ मध्ये प्रचारासाठी नेत्याला नेण्यास आलेले हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. दोन्ही वेळा जीवितहानी टळली. नेत्याची पुढची सभा ठरलेली असते, मैदानात गर्दी जमलेली असते. अशा वेळी 'हवामान योग्य नाही' असे म्हणणाऱ्या वैमानिकामागे नियामकाचे बळ उभे नसेल, तर त्याने कोणाच्या आधारावर नकार द्यायचा?

अपेक्षा काय?

सरकारने नियामकावर मुळीच लक्ष ठेवू नये, असे कोणी म्हणणार नाही. करदात्यांच्या पैशावर चालणारी संस्था संसदेला उत्तरदायी असलीच पाहिजे. परंतु देखरेख आणि हस्तक्षेप यांत अंतर आहे. नवे विमानतळ, नवे मार्ग आणि स्वस्त तिकिटे यांचा प्रसार करणे हे मंत्रालयाचे काम. सुरक्षा अपुरी असेल तेथे 'थांबा' म्हणणे हे महासंचालनालयाचे काम. अपघातानंतर दोघांच्याही चुका दाखविणे हे अन्वेषण विभागाचे काम. आज तिन्ही एकाच मंत्र्यांच्या छत्राखाली आहेत. अमेरिकेने अपघात तपासणारे मंडळ १९७४ च्या कायद्याने वाहतूक खात्यापासून वेगळे केले, ते याच कारणास्तव.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ पासून या खात्याचे राज्यमंत्री आहेत. साताऱ्याचे उदयनराजे भोसले आणि सांगलीचे विशाल पाटील हे लोकसभेत आहेत. स्थायी समितीच्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, १०६३ पैकी आज किती पदे भरली आहेत आणि नियंत्रण नसलेल्या विमानतळांसाठी कोणते किमान निकष ठरले, ही माहिती त्यांना सभागृहात मागता येईल. कवलापूर किंवा कराडच्या विमानतळाची घोषणा करण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे या दोन जिल्ह्यांतील जनतेला मिळणे आवश्यक आहे.