प्राणी सहज दिसतात, याचा आनंद मानावा का?

मलेशियाला जाऊन आलेले एखादे कुटुंब आता आपल्या नात्यागोत्यात असतेच. जेवण हलाल आहे की नाही हे विचारावे लागत नाही आणि नमाजाची सोय कुठेही होते, म्हणून घरातली वडीलधारी मंडळीही निर्धास्त असतात. क्वालालंपूरचे जुळे मनोरे, गेंटिंगचा डोंगर आणि लंकावीचा किनारा पाहिला की आपली सहल पूर्ण होते. याच देशाचे सबाह नावाचे राज्य समुद्रापलीकडे, बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला आहे. तिकडे आपले लोक फारसे फिरकत नाहीत. मी गेले होते, आणि तिकडे जावे असेच माझे मत आहे. मात्र तिथे जे दिसते त्याचा अर्थ लावायला आपण शिकले पाहिजे.

सबाहची सर्वांत लांब नदी किनाबातांगान, सुमारे ५६० किलोमीटरची. तिच्या खालच्या टप्प्यात, सांदाकान शहरापासून दोन-अडीच तासांवर, सुकाऊ नावाचे गाव आहे. इथून सकाळ-संध्याकाळ होड्या निघतात. लांब नाकाची, सुटलेल्या पोटाची माकडे इथे दिसतात. ती बोर्निओखेरीज जगात कुठेच नाहीत. मलाय भाषेत त्यांना गमतीने ‘डच माकड’ म्हणतात. धनेशाच्या आठ जाती इथे आहेत. नशीब असेल तर ओरांगउटान दिसतो. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे जंगल. आणखी नशीब असेल तर बोर्निओचे ठेंगणे हत्ती नदीकाठी चरताना दिसतात. मी दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या आणि एकही रिकामी गेली नाही. होडीतला प्रत्येक जण म्हणत होता, किती प्राणी आहेत इथे!

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. ‘किती दिसतात’ आणि ‘किती आहेत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब नाकाची माकडे संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर मुक्कामाला येतात, तो त्यांचा स्वभावच आहे. पण हत्ती आणि ओरांगउटान नदीच्या इतक्या जवळ वारंवार का दिसावेत? काठावरच्या झाडांची पट्टी ओलांडून मागे गेलात की उत्तर मिळते. तिथे तेलताडाची शेती आहे. सरळ रांगांमध्ये, क्षितिजापर्यंत एकच झाड. २००५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २६ हजार हेक्टरचे, पण तेही सलग नाही. दहा तुकडे नदीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले आहेत. प्राणी नदीकाठी दिसतात, कारण त्यांना मागे सरकायला जागा उरलेली नाही. ज्याला आपण सफारीचे भाग्य म्हणतो, ती त्यांची कोंडी आहे.

ओरांगउटान पोहत नाही. पूर्वी नदीच्या फाट्यांवर दोन्ही काठांची उंच झाडे एकमेकांना भिडत आणि तो फांद्यांवरून पलीकडे जाई. ती झाडे गेली. म्हणून ‘हुतान’ नावाच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन फाट्यांवर दोरांचे पूल बांधले. ओरांगउटान ते वापरतातही. हे पाहून त्या माणसांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. पण झाडावर राहणाऱ्या जनावराला माणसाने पूल बांधून द्यावा लागतो, यातच सगळे आले.

एक प्राणी तर आता पाहायलाही मिळणार नाही. २००८ मध्ये सबाहमधल्या एका तेलताडाच्या मळ्यात सुमात्रन गेंडा भटकताना आढळला. एरवी दाट जंगलात वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेला न पडणारा हा प्राणी. त्याचे नाव ठेवले ताम. तो मे २०१९ मध्ये गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इमान नावाची मादी गेली, आणि मलेशियातला सुमात्रन गेंडा संपला. ताम दिसला, तेव्हाच त्याचे घर उरले नव्हते.

याच सबाहमध्ये पाहण्याची दुसरी रीतही आहे. सांदाकानच्या उत्तरेला समुद्रात सेलिंगान नावाचे छोटे बेट आहे. तिथे हिरवी कासवे अंडी घालायला येतात. अंडी उबवण्याचे केंद्र १९६६ पासून चालू आहे. रात्री पाहुण्यांना किनाऱ्यावर जाऊ देत नाहीत. वनरक्षकाचा निरोप येईपर्यंत बसून राहायचे, मग रात्रीचे आठ वाजोत की बारा. अंडी घालणारे एकच कासव दाखवतात, फ्लॅश चालत नाही. बाकीची कासवे अंधारात आपले काम करून परत जातात. इथे पाहण्याची वेळ कासव ठरवते, आपण नाही. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी आणि निसर्गप्रेमी हेच करत आले आहेत.

किनाबातांगानच्या काठी राहणारे ओरांग सुंगाई, म्हणजे ‘नदीची माणसे’, बहुतेक मुसलमान आहेत, आणि कोकणी मुसलमानांप्रमाणे शाफई. बातू पुतेह गावात त्यांची सहकारी संस्था आहे, कोपेल. घरोघरी पाहुणे ठेवायचे, होड्या चालवायच्या आणि उजाड झालेल्या जागी झाडे लावायची, अशी तिची कामे. साखर कारखाना आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. सबाहला गेलात तर अशा घरात राहा.

आता आपला हिशोब. पामतेल सर्वाधिक आयात करणारा देश भारत आहे, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. मोहल्ल्यातल्या बेकरीची खारी, नानकटाई, रमजानमध्ये इफ्तारच्या गाड्यांवर तळली जाणारी भजी-समोसे, दुकानातले फरसाण, अंगाचा साबण. यातल्या बहुतेक ठिकाणी पामतेल या ना त्या रूपात असते. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद काश्मीर आणि नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर बोलले होते, त्याची ती पार्श्वभूमी. तेव्हा पामतेलावर आपल्याकडे भरपूर चर्चा झाली. कोण कुणाच्या बाजूने, याची. जंगलाबद्दल एक शब्द मी ऐकला नाही.

मी बहिष्कार सुचवत नाही. एका हेक्टरमधून तेलताड जेवढे तेल देतो, त्याच्या जवळपासही सोयाबीन किंवा भुईमूग पोचत नाही. उद्या सगळे तेल दुसऱ्या पिकातून काढायचे ठरवले तर जमीन आणखी लागेल. शिवाय या पिकाने तिथल्या लहान शेतकऱ्यांच्या घरातही चूल पेटते. प्रश्न झाडाचा नाही, ते कुठे लावायचे याचा आहे. नदीकाठची पट्टी सोडली, जंगलाचे तुकडे जोडले, तर तेलही मिळेल आणि हत्तीलाही वाट मिळेल.

हा प्रश्न आपल्या दारातही आला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने पामतेलासाठी ११,०४० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबार यांच्यावर विशेष भर आहे. वर्षावन, खारफुटी, कासवांचे किनारे, सबाहमध्ये जे आहे ते या बेटांवरही आहे. तेलात स्वावलंबन हवेच. पण ती लागवड उभे जंगल तोडून होणार की आधीच उघड्या पडलेल्या जमिनीवर, हे आत्ताच विचारायला हवे. झाडे लागल्यावर विचारून उपयोग नाही.

पृथ्वी ही आपल्याकडे अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमानतीची चौकशी ती सांभाळणाऱ्याकडे होते, नुसते पाहून जाणाऱ्याकडे नाही, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. पण आपण तेल विकत घेतो, तिकीट काढतो, मत देतो. म्हणजे सांभाळणाऱ्यांत आपणही आलो. तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर हत्तीचा फोटो दाखवून कुणी ‘अगदी जवळून दिसला’ म्हणाले, तर एवढे जरूर विचारा, त्याच्या मागे जंगल किती होते?