धोका ओळखीचा, सावधगिरी अनोळखीची

मुलगी कॉलेजला जाऊ लागली की घरच्यांच्या सूचना सुरू होतात. सातच्या आत घरी ये, आडवाटेने येऊ नकोस, रिक्षाचा नंबर पाठव, पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेव. यातली एकही सूचना वावगी नाही, पण सगळ्यांत गृहीत धरलेला माणूस एकच आहे: अंधारात टपून बसलेला अनोळखी पुरुष. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षे वेगळेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. त्यात लग्नाच्या आमिषाची प्रकरणेही मोजली जातात, हा आक्षेप रास्तच आहे. पण ती वगळली तरी नातेवाईक, शेजारी, कामावरचा मालक यांची संख्या अनोळखींपेक्षा कितीतरी मोठी उरते. शिवाय घरच्याच माणसाविरुद्ध चौकीची पायरी चढायला किती जणी धजावतात?

मग उपयोगी सवय कोणती? कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या प्रथम वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के आढळले. प्रशिक्षणात हातापायांचे डाव होतेच, पण भर होता तो ओळखीच्या माणसाची जबरदस्ती लवकर ओळखण्यावर आणि भीड न बाळगता त्याला अडवण्यावर. आपल्या शाळांमधल्या कराटेच्या वर्गात मात्र हल्लेखोर म्हणून काका किंवा सर कधी कल्पिलेच जात नाहीत.

गुन्हा पुरुषाचा आणि शिकायचे बाईने, हा कुठला न्याय, असे कुणी विचारेल. जबाबदारी गुन्हेगाराचीच, यात वाद नाही. पण आजच्या सावधगिरीचा भारही बाईच वाहते आहे, आणि तो हलका नाही. गिरिजा बोरकर यांच्या दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासात दिसले, की सुरक्षित रस्त्यासाठी मुली मिळू शकणारे चांगले कॉलेज सोडून त्याहून खालच्या दर्जाचे निवडतात. अंधाराला घाबरण्याची ही किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

उलट ओळखीच्यांपुढे गप्प राहणे हे आपल्याकडे वळण समजले जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. तक्रार ऐकणाऱ्या समितीला उशिराचे कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. ‘साहेब तसे नसतील, माझाच गैरसमज झाला असेल’ या घोळात ही मुदत सहज निघून जाते. म्हणून नको तो हात तिथल्या तिथे झटकणे, मोठ्याने ‘नको’ म्हणणे आणि त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवणे, याचा सराव शाळेपासूनच हवा. मुली उर्मट होतील, अशी धास्ती पालकांना वाटेल. एखादे निर्दोष काका कधीतरी दुखावलेही जातील. त्यांची समजूत काढता येते.