पिवळ्या दिव्याची दखल

गेल्या उन्हाळ्यात जबलपूरहून नागपूरला जाण्यास निघालो असता बरगीच्या अलीकडेच गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी भाच्याची होती आणि चालवतही तोच होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काही नाही मामा, परवापासून लागतोय. जाईल आपोआप." 'जाईल आपोआप' हे शब्द शासकीय सेवेतील जवळजवळ तीस वर्षांत मी इतक्या फायलींसंबंधी ऐकले आहेत, की दिव्यापेक्षा त्या शब्दांनीच मी अधिक सावध झालो. दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता, एवढे पाहून प्रवास पुढे चालू ठेवला. लुकलुकता दिवा म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही आणि ते न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळू लागले आहे. अशा वेळी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवणेच योग्य. स्थिर दिवा तेवढी घाई करायला सांगत नाही. मात्र तो दुर्लक्ष करायलाही सांगत नाही.

परतल्यावर चौकशी केली तेव्हा मूळ हकीकत कळली. महिनाभरापूर्वी भाच्याने कारखान्याने बसवलेला एअर फिल्टरचा बंद डबा काढून त्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवून घेतली होती. विक्रेत्याने ताकद वाढेल असे सांगितले होते. आवाज मात्र निश्चित वाढला. जबलपूरच्या मे महिन्यात बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती तापलेली असते हे वेगळे सांगायला नको. हवेचे तापमान साधारण तीन अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. मूळ डबा बाहेरची हवा आत घेत होता. हा उघडा फिल्टर इंजिनाच्या शेजारची तापलेली हवा ओढू लागला. म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली ताकद बहुधा उलट्याच दिशेने गेली होती.

दिवा लागल्यावर भाच्याने गाडी ज्या गॅरेजमध्ये नेली, तेथे स्कॅनर जोडून कोड पुसून दिला. तीनशे रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. पुन्हा पुसला, पुन्हा लागला. तिसऱ्या खेपेस तेथील तंत्रज्ञाने कायमचा उपाय सुचवला. गाडीच्या संगणकातील प्रणालीत असा बदल करून देतो, की हा दिवा या कारणासाठी पुन्हा कधीही लागणार नाही. भाचा जवळजवळ तयार झाला होता. येथे मी आडवा आलो.

रांझीला एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याने शक्तिमान ट्रक आणि जोंगा सैन्यासाठी बनवल्या. (जोंगा हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे, हे जबलपूरच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.) त्या गाड्यांत असला दिवा नव्हता, संगणक नव्हता. मिस्त्रींच्या हाती होते ते कान, नाक आणि बोटे. आता त्यांच्या नातवाने त्यांना हातात मावणारा एक स्कॅनर आणून दिला आहे आणि ते तो चष्मा पुसून मोठ्या आदराने वापरतात. भाच्याने सारी कथा सांगून 'बत्ती बंद हो जाए बस' असे म्हटले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहब, बत्ती ने क्या बिगाड़ा है?"

त्यांनी कोड पुसला नाही. आधी तो वाचून कागदावर लिहून घेतला: पी०१७१. अर्थ असा, की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे. हे नेमके कसे घडते ते मला त्या दिवशी प्रथमच समजले, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते समजायला अवघड गेले नाही. या गाडीत हवेच्या वाटेवर एक तापवलेली बारीक तार असते. येणारी हवा तिला थंड करते. तिचे तापमान कायम राखण्यासाठी जितकी वीज लागते, त्यावरून किती हवा आत आली याचा हिशेब संगणक मांडतो आणि तेवढ्या हवेला पुरेल इतके पेट्रोल देतो. हा हिशेब एका ठराविक व्यासाच्या नळीसाठी बसवलेला असतो. नवी नळी रुंद असेल तर तेवढीच हवा तारेसमोरून संथपणे जाते आणि तार कमी मोजते. तारेच्या पुढे कोठून न मोजलेली हवा आत शिरली, तर तिची नोंदच होत नाही. दोन्ही प्रकारांत पेट्रोल कमी पडते. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखून कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवू लागतो. ही वाढ फ्युएल ट्रिम नावाच्या टक्केवारीत दिसते. पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेल्यावर संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. त्याआधी कित्येक दिवस तो गुपचूप तूट भरून काढत असतो. (अनेक लहान गाड्यांत ही तार नसते, तेथे हवेचा दाब मोजून काम चालते. त्यांत फिल्टर बदलताना हवेच्या तापमानाचा सेन्सर जोडायचा राहिला तर दिवा लागतो, पण कोड निराळा येतो. म्हणून आधी कोड वाचायचा, मग बोलायचे.)

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून टक्केवारी पाहिली. उभ्या गाडीत ती बावीस होती. इंजिनाचे फेरे अडीच हजारांवर नेले तेव्हा ती सातवर उतरली. त्यांनी मान डोलावली. दोष केवळ रुंद नळीचा असता तर तूट सर्वत्र सारखीच दिसली असती. उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी म्हणजे कोठेतरी ठराविक, लहानशी गळती आहे. इंजिन कमी हवा घेते तेव्हा त्या गळतीचा वाटा मोठा होतो. मग त्यांनी टॉर्च घेऊन एकेक क्लॅम्प हाताने फिरवून पाहिला, आणि इंजिनाच्या माथ्यावर बोट ठेवले. तेथून निघणारा रबरी पाइप मूळ डब्याच्या पुढच्या नळीला जोडलेला असतो, म्हणजे त्यातून जाणारी हवा आधीच मोजलेली असते. नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला त्यासाठी तोटीच नव्हती. बसवणाऱ्याने तो पाइप काढून टाकून त्या तोंडावर लिंबाएवढा एक शोभेचा फिल्टर बसवला होता. तेथून न मोजलेली हवा, आणि तिच्याबरोबर थोडीफार धूळही, सरळ इंजिनात जात होती. उपाय अर्ध्या तासाचा होता. मूळ डबा आणि मूळ पाइप परत बसवले, तारेवर साठलेले तेल तिच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेने धुतले, आणि सर्वांत शेवटी कोड पुसला. आठवड्याने टक्केवारी तीनवर स्थिरावली होती.

या क्रमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कोड पुसणे हे काम दोन्ही ठिकाणी झाले. पहिल्या गॅरेजमध्ये ते सुरुवातीलाच झाले, आणि त्याबरोबर दोष शोधायला उपयोगी पडणारी सारी नोंदही पुसली गेली. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, टक्केवारी किती होती, हे संगणक जपून ठेवतो. कोड पुसला की ते जाते. बॅटरीची तार काढून दिवा घालवणारेही तेच करतात.

एका कार्यालयात मी काम करत असताना प्रलंबित तक्रारींचा आकडा दरमहा वरिष्ठांकडे जात असे. तो आकडा वर्षभरात निम्म्यावर आला आणि आमचे कौतुकही झाले. नंतर मी नस्त्या काढून पाहिल्या. बहुतेक तक्रारींवर 'संबंधित शाखेकडे उचित कार्यवाहीस्तव पाठविले' असा शेरा मारून त्या निकाली दाखवल्या होत्या. तेच अर्जदार नव्या क्रमांकाने पुन्हा येत होते. म्हणजे आम्हीही तीनशे रुपयांचेच काम करत होतो, फक्त सरकारी खर्चाने. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी मांडलेले निरीक्षण सर्वश्रुत आहे, की मोजमाप हेच लक्ष्य केले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होते. दोष आमच्या कारकुनांचा नव्हता. त्यांना आकडा खाली आणायला सांगितले होते. त्यांनी तो आणला.

आता मूळ विषयाकडे. या प्रकरणात कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा कडक आहे. परंतु भाच्याने घेतलेला संच भर बाजारात, पावतीसह विकत मिळाला. विकणारा निर्धास्त आणि घेणारा गुन्हेगार, ही रचना मला न्याय्य वाटत नाही. ती परिणामकारकही नाही, कारण रस्त्यावरील वाहतूक पोलिसाने बॉनेट उघडून कोणती नळी मूळची आहे हे ओळखावे, अशी अपेक्षा कोणीही करू शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट पीयूसीची आहे. दिवा लागलेला असतानाच भाच्याने गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र घेतले होते, आणि गाडी विनासायास उत्तीर्ण झाली होती. यात केंद्रचालकाची लबाडी नव्हती. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ज्याची तूट संगणक आतल्या आत भरून काढत आहे, तो दोष धुरात दिसणार कसा? चढावर, भाराखाली, मिश्रणात हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती पीयूसीत मोजलीच जात नाहीत. म्हणजे गाडी स्वतः सांगते आहे की माझ्यात बिघाड आहे, आणि शासनाचा कागद सांगतो आहे की ती निर्दोष आहे. भारतात २०१० पासून बीएस-४ बरोबर गाड्यांत ही स्वयंनिदान व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्या सेन्सरांची आणि त्या संगणकाची किंमत प्रत्येक ग्राहकाने मोजली आहे. ती नोंद वाचायचे मात्र आपण ठरवले नाही.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. लॉस एंजलिसच्या धुरक्याने त्रस्त झालेल्या त्या राज्याने ही व्यवस्था १९८८ पासून गाड्यांत आणली, आणि १९९६ पासून तिचे प्रगत रूप साऱ्या अमेरिकेत आले. आज तेथे २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः त्यांच्या संगणकातील नोंदी वाचूनच होते. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून आणणारेही असतात. पण कोड पुसला की गाडीच्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवल्याखेरीज त्या पूर्ण होत नाहीत. त्या अपूर्ण दिसल्या की तपासनीस गाडी परत पाठवतो. आणि ज्या संचाविषयी आपण बोलत आहोत, त्यावर तेथे सरसकट बंदी नाही. निर्मात्याने राज्याच्या वायू संसाधन मंडळाकडे चाचणी देऊन मान्यतेचा क्रमांक घ्यायचा आणि तो बॉनेटखाली चिकटवायचा. क्रमांक नसेल तर गाडी नापास.

हे आपल्याला अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना मी सीएनजी किटची आठवण देईन. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद ही साखळी आपण स्वतःच उभी केली आहे आणि ती चालते. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट यांच्याकडे चाचणीची क्षमता आहे. एअर फिल्टरचे संच त्याच वाटेने नेता येतील. मान्यतेचा क्रमांक नसलेला संच विकणाऱ्याला आधी दंड, मग बसवणाऱ्याला, आणि सर्वांत शेवटी मालकाला, असा क्रम मला योग्य वाटतो. पीयूसी केंद्रावर धुराच्या नळीत दांडा घालण्याबरोबरच स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीत स्कॅनर लावायला दोन मिनिटे पुरतात.

आक्षेप आहेत आणि ते मी नाकारत नाही. केंद्रांवर गैरव्यवहाराची एक नवी खिडकी उघडेल. दिवा जुन्या गाडीत मालकाच्या दोषाशिवायही लागतो, आणि सेन्सर बदलण्याचा खर्च टॅक्सीचालकाला जड जातो. म्हणून पहिली दोन वर्षे नापास न करता प्रमाणपत्रावर केवळ कोड छापून द्यावा, असे माझे मत आहे. मालकाला निदान काय बिघडले ते कळेल. आज त्याला तेवढेही कळत नाही, आणि तो पहिल्या भेटणाऱ्या गॅरेजच्या हवाली होतो.

तो शंकूचा फिल्टर आणि नळी माझ्या गच्चीवर खोक्यात पडून आहे. भाचा ते जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायचे म्हणत होता. मी विकू दिले नाही, यावरून घरात थोडा वादही झाला. माझ्या स्वतःच्या गाडीचे पीयूसी मागच्याच महिन्यात केले. केंद्रावरील मुलाने नळीत दांडा घातला, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि कागद छापून दिला. डॅशबोर्डकडे त्याने पाहिले नाही. पाहायला त्याला कोणी सांगितलेलेही नव्हते.