खिशातला दुभाष्या आणि माजिवड्याचा प्रवासी

परदेशप्रवासाला निघालेल्या मध्यमवर्गीयांच्या सामानात अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. तळहातावर मावणारे हे यंत्र एका भाषेतील वाक्य ऐकते आणि क्षणभरात दुसऱ्या भाषेत बोलून दाखवते. कल्पना तशी जुनीच. बटणे दाबताच शब्दाला प्रतिशब्द दाखवणारी खिशातली यंत्रे अमेरिकेत १९७९ मध्येच विक्रीला आली होती. पुढे यंत्राला कान फुटले, वाचा फुटली. आता तेच काम मोबाइलही करतो. टोकियोत स्टेशन कोठे आहे, पदार्थात मांस आहे काय, एवढे विचारायचे असेल तर ते उपयोगी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. उत्तर चुकले तर प्रवाशाचे एक जेवण बिघडेल, संसार बिघडणार नाही.

परंतु प्रवासी म्हणजे केवळ पर्यटक, ही समजूत कोणी करून दिली? ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर मुंबईचा पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिकचा महामार्ग एकत्र येतात. जवळच्या कोलशेत-बाळकुम पट्ट्यात रासायनिक कारखान्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या, रस्त्याच्या मध्यभागी मेट्रोचे खांब आले. हे सारे उभारणारी माणसे बिहार, बंगाल, झारखंड, ओडिशा, तेलंगण अशा प्रांतांतून आली. मे २०२० मध्ये नाशिकच्या याच महामार्गाने त्यांचे जथे पायी परतताना साऱ्या देशाने पाहिले. या प्रवाशाला भाषा लागते ती मजुरीचा दर कळण्यासाठी, खाडे किती धरले हे विचारण्यासाठी आणि परांचीवरून पडल्यास दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे आधी ठरवून घेण्यासाठी.

तेथे यंत्राची काय गत होते? हिंदीतील 'कल' कालचाही असतो आणि उद्याचाही. मजूर 'कल का पैसा' एवढेच म्हणाला, तर मराठीत काय बोलावे? कालची थकलेली मजुरी, की उद्याची उचल? माणूस अशा वेळी 'कोणत्या दिवसाचा?' असे विचारतो. यंत्र बहुधा विचारत नाही. दोहोंपैकी एक अर्थ ठोकून देते, आणि चुकीचा अर्थही बरोबर अर्थाइतक्याच ठाम, गोड आवाजात सांगते. (आपला 'परवा'ही मागे-पुढे दोन्हीकडे चालतो, तेव्हा हिंदीला हसण्यात अर्थ नाही.)

शिवाय यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते: आवाजातून शब्द ओळखणे, त्या शब्दांचे भाषांतर करणे आणि ते उच्चारणे. प्रत्येक टप्प्यावर दहापैकी नऊ वाक्ये शाबूत राहतात असे उदारपणे धरले, तरी अखेरीस शंभरातील ७३ उरतात. त्यात नाक्यावरील अवजड वाहनांचा गोंगाट आणि तुटणारे इंटरनेट यांचा हिशेब धरलेला नाही.

यंत्राने कोणत्या भाषा शिकाव्यात, हेही बाजारच ठरवतो. शिकण्यासाठी त्याला छापील मजकूर आणि ध्वनिमुद्रणे यांचे ढीग लागतात. ज्या भाषेमागे गिऱ्हाईक आहे, तिचेच ढीग प्रथम रचले जातात. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली, हे स्वागतार्हच आहे. मात्र तिचा भर राहिला तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक होते, आणि भिली त्या अनुसूचीत नाही. वीटभट्टीवर जाणारा कातकरी तर याच ठाणे जिल्ह्याचा रहिवासी. जपानी बोलणाऱ्या यंत्राला त्याची बोली ठाऊक नसते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: यंत्र कोणाच्या हातात? पर्यटक ते स्वतः विकत घेतो, स्वतःच्या सोयीने बोलतो. बांधकामावर ते मुकादमाच्या हाती असणार. तो बोलेल, बटण दाबेल, मजूर ऐकेल. पुढे वाद झाल्यास दुभाष्याला निदान साक्षीला बोलावता येते. यंत्राची साक्ष कोण काढणार?

यावर उपाय आपल्याच कायद्याने सुचवला होता. १९७९ च्याच वर्षी संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. कंत्राटदाराने प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत आणि मजुरीचा दर हिंदी व इंग्रजीत लिहावा, आणि मजुराची भाषा याहून वेगळी असल्यास त्याच्या भाषेतही लिहावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. भाषांतराचा भार मजुरावर नव्हे, तर त्याला आणणाऱ्यावर होता. ती तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. यापुढे 'मोबाइल आहे की सांगायला' असे उत्तर मिळू लागले, तर जबाबदारी परस्पर मजुराच्या खिशात जाईल.

कार्यकर्त्यांनी म्हणून यंत्राशी भांडत बसू नये. ते खुशाल वापरावे. परंतु त्याने उच्चारलेला मजुरीचा दर मजुराच्या भाषेत कागदावर उतरवून, कंत्राटदाराच्या सहीनिशी मागून घ्यावा. नाक्यावर संध्याकाळी संताळी, तेलुगू, भोजपुरी जाणणारी दोन-तीन माणसे वहीसह बसवता आली, तर ती मागणी माजिवड्यापासूनच सुरू करता येईल.