बेट कुणी केलं?



साहेब लोक नकाशा पसरतात. एका अंगाला ठोकरवाडी धरणाचं निळं पाणी, दुसऱ्या अंगाला कोकणात तुटलेला कडा, मधे नुसता हिरवा रंग. मग म्हणतात, हे तर बेट आहे, इथं पूर्वी कोण राहणार? तुम्ही मागाहून घुसलात.

आम्ही विचारतो, बेट केलं कुणी? आंध्रा नदी आंदर मावळाच्या मधोमध वाहत होती. टाटांच्या विजेसाठी ती अडवली, पाणी डोंगराखालून भिवपुरीला सोडलं. 1922 साली तिथलं वीजघर चालू झालं. उजेड मुंबईला आणि नदीकाठची भातखाचरं तळाला. त्याच काळात मुळशीला सेनापती बापटांबरोबर लोक धरणाला आडवे झाले, म्हणून त्याचं नाव तरी राहिलं. ज्या कातकऱ्याचं, ठाकराचं नाव कागदावरच नव्हतं, त्याला भरपाई कशाची मागायची? खालून पाण्यानं रेटलं, तर वर राखीव जंगलाचा बुरूज. मधल्या उतारावर नाचणी-वरई पिकवली, ती झाली अतिक्रमण!

आणि बेट असतं, तर कुसूरची घाटवाट कुणाच्या पायांनी पडली? मीठ-सुकट डोक्यावर घेऊन घाट चढणारी माणसं काय आभाळातून पडली होती?

'निर्जन' हा शब्द तर आमच्या फार जिव्हारी लागतो. दिवाळी झाली की कातकरी कच्च्याबच्च्यांसकट वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातो. पोटासाठी जातो, हौसेनं नाही. पावसाआधी परत येतो. पंचनामेवाले येतात नेमके शिमग्याच्या सुमारास. कुडाच्या दाराला काटी लावलेली बघतात आणि लिहून टाकतात, वस्ती नाही. लोणावळ्यातले बंगले सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. त्यांना कुणी निर्जन लिहिल्याचं आम्ही ऐकलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला 75 वर्षांचा पुरावा लागत नाही. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपल्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. पुरावा म्हणजे नुसता दंडाची पावती नव्हे. जुना बांध, विहीर, मसणवटा, देवाची जागा, घराचं जोतं, म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, सरकारचं स्वतःचं गॅझेटियर, हे सगळं नियम 13 मध्ये आहे. अमुकच कागद आणा असं समितीला म्हणता येत नाही, ते 2012 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. दावा तपासून पुरा होईपर्यंत जमिनीवरून हलवता येत नाही. नामंजूर केला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करायचं असतं. तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका.

एक पुरावा पुरत नाही, किमान दोन जोडायचे. जबाब देणारा म्हातारा दावेदार स्वतः नसावा, शेजारच्या घरचा चालेल. चैत्र-वैशाखात पाणी उतरलं की काठानं फिरा. जिथं जुना दगडी बांध किंवा जोतं उघडं पडलेलं दिसेल, तिथं वनहक्क समितीला नेऊन दाखवा, मोजमाप लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या. भट्टीवर गेलेल्यांना निरोप धाडा, मोजणीच्या दिवशी घरटी एक माणूस तरी वाडीत पाहिजे.